उद्या येतो प्यायले

सोमाजीभाऊला पाणी विचारलं की तो हो म्हणायचा. पेला हातात घ्यायचा, खिशातून बोटभर उंचीची काचेची बाटली काढून तीत थोडं पाणी ओतायचा, घट्ट बूच लावायचा आणि उरलेलं पाणी आमच्या तुळशीला घालून उठायचा. "उद्या येतो प्यायले," म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर यायचा.

गावात नळ सोडायचं काम त्याच्याकडे होतं. धानोरा रस्त्यावरचं आमचं गाव धड खेडं नाही, धड शहर नाही. पाण्याची टाकी मात्र शहराला लाजवेल अशी. पंचायतीनं एकदा त्याला जिल्ह्याला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं आणि तो खोकाभर बाटल्या घेऊन परतला. प्रत्येक बाटलीत औषध लावलेला कागद. पाणी भरायचं, एक दिवस-रात्र उबेत ठेवायचं. जंतू असले तर पाणी काळं पडतं. उन्हाळ्यात आमच्याकडे ऊब फुकट. पण पौषात काय करणार? सोमाजीभाऊनं जुन्या धोतराचा पट्टा शिवला, त्याला सहा खण केले आणि गावातल्या सहा ओळींचं पाणी पोटाशी बांधून हिंडू लागला. पोरं त्याला खुडूक कोंबडी म्हणत. त्याला त्याचं काही नव्हतं.

"पान्याले तोंड नाई गुरुजी," तो मला समजावायचा, "मंग आपल्यालेच इचारा लागते न."

जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी नवीन होती. नाक्यावरच्या शिपायानं एकदा त्याचं फुगलेलं पोट चाचपलं आणि एकेक करून सहा बाटल्या बाहेर काढल्या. शिपाई एकीचं बूच उघडून नाकाशी नेणार, तोच हा ओरडला, "पिऊ नका साहेब! हगवन लागन!" बाटली पकडल्यावर पिऊ नका म्हणणारा इसम त्या शिपायानं जन्मात पहिल्यांदाच पाहिला असणार. त्यानं सोमाजीभाऊला बाटल्यांसकट सोडून दिलं.

एका घरी मात्र हा गृहस्थ आजही पीत नसे आणि उद्याही पीत नसे. त्याची एकुलती लेक शेवंता आलापल्लीला दिलेली. लेकीच्या पोटी लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी आईबापानं प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. शेवंताच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सोमाजीभाऊ दोन बस बदलून जायचा, तासभर तिच्या ओसरीवर बसायचा आणि कोरड्या घशानं परत यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "कशाला पाळता असली रीत?"

"तिच्या मायनं पाळली गुरुजी. पाळता पाळताच गेली बिचारी. आता मी एकटा कसा मोडू?"



पट्टा शिवला त्याच हिवाळ्यात बाजारओळीची बाटली काळी पडली. तिकडे घरोघरी पोटं बिघडलेली होतीच. सोमाजीभाऊ बाटली घेऊन पंचायतीत गेला. मी तिथंच दाखल्यावर सही घ्यायला बसलो होतो. सरपंचांनी बाटली उजेडात धरली आणि हसले. "अरे, हे तुह्या पोटाचा मळ उतरला बाटलीत! पानी चकाचक आहे."

सगळे खो खो हसले. सोमाजीभाऊ शांतपणे म्हणाला, "असन साहेब. आमचं अंग मळकंच. तुमचं तं साबनाचं आहे. तुमी बांधा." आणि बाजारओळीतच असलेल्या सरपंचांच्या घरच्या नळाचं पाणी भरून त्यानं नवी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. एवढ्या लोकांत नाही म्हणायची सोय राहिली नाही.

तो दिवस गाव विसरलेलं नाही. सरपंच शाळेत बक्षिसं वाटायला आले ते एक हात पोटावर ठेवून. खाली पडलेलं प्रमाणपत्र उचलायला वाकले नाहीत, मलाच वाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काजळासारखी काळी निघाली आणि ती आधी पाहिली सरपंचीणबाईंनी. मग ग्रामसभेची गरजच उरली नाही. दुपारपर्यंत बाजारओळीची नाली उकरली, तिच्या खालून गेलेल्या पाइपाचा फुटलेला सांधा सापडला आणि तो बदलूनच सरपंच घरी जेवायला गेले. आठवड्यानं बाटली स्वच्छ निघाली तेव्हा सोमाजीभाऊ बाजारओळीतल्या दारोदारी जाऊन आदल्या दिवशीचं उधार पाणी पिऊन आला.

चैत्र लागला, पत्रे तापले. तरी सोमाजीभाऊच्या पोटाशी एक बाटली दिसली.

"आता काऊन बांधली भाऊ? खिडकीत ठेवली तरी उबेल."

तो लाजला. "हे आलापल्लीचं आहे गुरुजी. पोरीच्या घरचं. पेता तं येत नाई." जरा थांबून म्हणाला, "पोटाशी तं ठेवता येते न?"

मी उगाच चष्मा पुसत बसलो.

पुढच्या वर्षी शेवंताला मुलगी झाली. बारशाला तो मला ओढून घेऊन गेला. आम्ही दारात पाय ठेवला तोच शेवंता आली, छातीशी लेक, एका हातात पाण्याचा तांब्या. बापाला ती पुरती ओळखून होती. हसत म्हणाली, "घ्या बाबा, आधी बाटली भरून घ्या. उद्या प्या."

सोमाजीभाऊनं सवयीनं खिशात हात घातला. बाटली अर्धी बाहेर आली. त्यानं नातीकडे पाहिलं, बाटली परत आत सारली आणि तांब्या दोन्ही हातांनी तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळत होतं, तरी तो थांबला नाही.

"अहो भाऊ," मी म्हटलं, "इचारलं नाई पान्याले?"

"इचारू न गुरुजी," रिकामा तांब्या लेकीपुढे धरत तो म्हणाला, "उद्या इचारू. आन वं शेवंते, अजून एक."