सूनबाईंनी भट्टीची मळी वितळविली त्याची हकीकत

थोरांचे पराक्रम थोरांनी लिहविले. परंतु कचेरीतल्या चाकाच्या खुर्चीवर स्वार होऊन, एका टिचकीने, धगधगती भट्टी वाचविली, ऐशी फत्ते कोणी लिहून ठेविली नाही; सबब लिहिणे प्राप्त जाहाले.

ओतशाळेत भट्टीचे सेनापती खासे सासरेबुवा, आणि रसायनांचा कारभार सूनबाईंकडे, ऐसे एकाच घरचे दोन सरदार. सूनबाईंनी बहुत हट्टाने एक संगणकप्रणाली आणविली. कोणता पदार्थ किती उष्णतेस घन, किती उष्णतेस पातळ, याचे तमाम दफ्तर तिचे पोटी. सासरेबुवांनी तिजला 'पोपट' ऐसा किताब बहाल केला.

तो शनवारी गनीम उभा ठाकला. वितळल्या धातूवर तरंगणारी मळी घट्ट जाहाली, आणि भट्टीचे तोंड चोंदू लागले, आणि तोंड मिटते तर आतला रस आतच थिजता, मग घण घालून भट्टी फोडणेच नशिबी. चुन्याने मळी पातळ होते. परंतु चुना अधिक जाहाला तर पुनः दगड. सासरेबुवांची मसलत ऐशी की दहा पोती एकदम ओतावी. सूनबाईंनी अर्ज गुजारला की दम धरावा, नेमका आकडा काढून देते. हुकूम जाहाला की हातातला चहा संपेतो मोहलत.

मग सूनबाईंनी माडीवरच्या कचेरीत बाह्या सरसावून मळीतील सिलिका, चुना, अल्युमिना, ऐशी फौज पडद्यावर मांडिली आणि टिचकी मारिली. कौल आला: घन. चुना वाढविला: घन. उष्णता वाढवीत वाढवीत तीन हजार अंशांस नेली, जेथे भट्टीसकट ओतशाळा वितळावी. तरी कौल तोच, बिलकूल घन. इतक्यात खाली भट्टीवरून सासरेबुवांचा फोन खणाणला.

"चहा संपला. काय म्हणतो पोपट?"

"बाबा, तो म्हणतो, मळी तीन हजारांनाही वितळत नाही."

"असं? मग आत्ता माझ्या बुटावर सांडलं ते काय, तुझ्या सासूचे आशीर्वाद?"

सूनबाई चमकल्या. पातळ सांडले, तर पातळास मनाई केली कोणी? पडद्यावरील यादी उघडून पाहतात, तो घनांच्या तमाम चौकटींत खुणा, आणि 'द्रव' या नावापुढील चौकट कोरी! जगात द्रव ऐशी वस्तू आहे, हेच आपण प्रणालीस कळविले नव्हते. सूनबाईंस ऐसे हसू लोटले की खुर्ची मागे घरंगळत भिंतीस धडकली. तैशाच पुढे झेपावल्या, खूण केली, आणि आकडा उमटला: चार पोती.

फोन लावावा, तो कोणी उचलीना. मग खुद्द स्वारी जिने उतरून धावत सुटली. खाली सासरेबुवांनी दम न धरिता पोती ओतण्यास आरंभिले होते; चौथे पोते रिते जाहाले होते, पाचव्याची सुतळी सुटत होती. सूनबाईंनी त्या पोत्यावरच बैठक मारिली.

"चार! बाबा, चारच!"

"अगं ऊठ, कपडे खराब होतील!"

"नाही उठत!"

सासरा-सून डोळे वटारून समोरासमोर, कामगारांची तमाम फौज भोवती गोळा. आणि मग भट्टीचे तोंडी हालचाल जाहाली, आणि मळी लालबुंद, पातळ, सरसर वाहती जाहाली.

"वाहतेय गं, वाहतेय!" ऐसे गर्जोन सेनापतींनी सुनेस पोत्यावरून उठविले आणि दोन्ही हात धरून भर ओतशाळेत गरगर फिरविले.

येणेप्रमाणे मळी शरण आली, भट्टी अभंग राहिली. तहाचे कलम एकच ठरले: सोमवारपासून सासरेबुवांसही टिचक्या शिकवाव्या, मात्र दार लावून. सूनबाईंनी ते मान्य केले. फत्ते नोंदली असे.