दाराशी ठेवलेली बॅग

पाहुण्यांना 'निघा' असं तोंडावर सांगायचं नाही, नुसतं सुचवायचं, असं मी त्या सोमवारी ठरवलं आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

पाहुणे म्हणजे रावसाहेब, माझ्या बायकोचे, नम्रताचे, अकोल्याचे चुलतमामा. त्यांना बोलावलं मीच. एका लग्नात निरोप घेताना मी म्हणालो होतो, "पुण्याला या एकदा. राहायलाच या." आता पुण्यात या वाक्याचा अर्थ 'बराय, निघतो' एवढाच असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. (अकोल्यात कळत नाही.) तिकडे माणसाच्या मनात असतं तेच तो बोलतो. केवढी गैरसोय! तर मामा मोठी बॅग आणि ठेच्याची बरणी घेऊन आले, ते रमलेच.

एरवी मी चालवून घेतलं असतं. पण नम्रताची बँकेतली ऑफिसरची परीक्षा रविवारवर आली होती. मागच्या खेपेला ती थोडक्यात हुकली, तेव्हा बिचारी कित्येक दिवस धड जेवली नव्हती. खराडीतला आमचा फ्लॅट एका बेडरूमचा. बेडरूममध्ये मामा, हॉलमध्ये माझं वर्क फ्रॉम होम, मग हिने अभ्यास करायचा कुठे? ती ओट्याशी उभी राहून, कानात कापूस घालून वाचायची. (मामा घोरत असणार, दुसरं काय!) मला तिची फार दया आली.

"ज्याचा त्रास होतो त्याला सरळ सांगावं," नम्रता माझ्याकडे रोखून बघत म्हणाली.

"तू अभ्यास कर. हे माझ्यावर सोड," मी म्हणालो.

सरळ सांगायला अक्कल लागत नाही हो. आमच्या घराण्यात सगळं सूचक. सूचक हसू, सूचक नजर, सूचक शांतता. वडील तर सूचक खाकरायचे. ते एकदा खाकरले की पाहुणा आपल्या चपला शोधायला लागायचा. मी मामांसमोर खाकरून बघितलं. त्यांनी मला हळद घालून दूध दिलं.

मग मी म्हणालो, मामी तिकडे एकट्याच असतील, नाही का? "खूश आहे थे," मामा म्हणाले, "माह्या कटकटीतून सुटली." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कपात अर्धाच चहा ओतला. तेव्हापासून ते स्वतःच चहा करायला लागले. वर तो माझ्यापेक्षा चांगला व्हायचा.

शेवटी बुधवारी मी ब्रह्मास्त्र काढलं. मामांचे कपडे इस्त्री करून आणले, त्यांच्याच बॅगेत भरले आणि बॅग दाराशी ठेवली. यापेक्षा जास्त सुचवायचं म्हणजे पाहुण्याला उचलून रिक्षात बसवायचं.

सकाळी उठून बघतो तर त्या बॅगेशेजारी माझीही बॅग! भरलेली, वर माझा टूथब्रश खोचलेला. मला भरून आलं. नम्रता अखेर माझ्या पंथाला लागली होती. घरातलेच लोक गावाला निघालेत म्हटल्यावर पाहुणा कसला थांबतो! मी तिला सूचक डोळा मारला. तिने कपाळावर हात मारून घेतला. (अभ्यासाने डोकं दुखत असणार.)

तेवढ्यात मामा आले. दोन बॅगा बघून त्यांनी विचारलं, "जावईबापू, हे काय जी?"

मी सूचक हसलो. नम्रताने पुस्तक मिटलं.

"मामा, परीक्षा होईपर्यंत मला घरात शांतता हवीये."

मी डोळेच मिटले. इतकं उघडं बोलणं मला बघवत नाही.

"अव माय, मंग सांगायचं ना आधीच. मी आजच निघतो."

"तुम्ही कशाला? तुम्ही लसूण सोलता, चहा करता, माझी उत्तरं तपासता. तुमचा आवाज तरी आहे का घरात? हा दिवसभर हॉलमध्ये 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' ओरडतो, ते सोसायटीच्या वॉचमनला ऐकू येतं. सोमवारपासून सुचवतेय याला. दारं आपटून झाली, कानात कापूस घालून झाला, शेवटी बॅग भरली. बघा, हसतोय!"

मी हसणं थांबवलं.

मामांनी खिशातून घराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "माह्या घरी जा जी. तुमची कौशल्यामामी सकाळी शेतावर जाते, घर रिकामंच असते. राहालेच जा." आणि त्यांच्या मनातही नेमकं तेच होतं.

तेव्हा सध्या मी अकोल्यातून ओरडतो. नम्रताचा पेपर झकास गेला. मामा अजून पुण्यातच आहेत आणि ती त्यांना सोडायला तयार नाही.

आज सकाळी कौशल्यामामी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, मले माहेरी जायचं आहे. घराले कुलूप लावतो. तुमी आज निघा."

तेव्हापासून मी ओसरीवर बसून विचार करतोय, मामींना यातून नेमकं काय सुचवायचं असेल?