भस्म न शिरणारं बटन

हातातल्या व्हिडिओ गेमला भस्म लावणारा माणूस आमच्या तेलगावच्या बाजारात एकच, महालिंगअप्पा. कटलरीचं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि दुकानात नवीन काहीही आलं, कुलूप असो की कंगवा, की त्यालाही तीन पट्टे. गिऱ्हाईक कंगवा घरी नेऊन आधी धुवायचं.

परदेशी माल नुकताच खुला झालता, बाजारात रोज नवी वस्तू उतरायची. वरून पडणाऱ्या विटा रचायचा तळहाताएवढा गेम अप्पांनी विकायला आणला आणि घरीच ठेवून घेतला. कारण बायकोला, गंगाकाकूंना, त्याचा नाद लागला. घरात नवराबायको दोघंच, लेकरूबाळ नाही. जेवणं झाली की एक डाव अप्पांचा, एक काकूंचा. अप्पा कधीच जिंकले नाहीत. सकाळी शेजारच्या माझ्या सायकलच्या दुकानापुढं येऊन सांगायचे, "दत्ता, काल बी आमाला लोळवलं बे."

मग काकूंना सांधेदुखीनं धरलं. बोटं आखडली. बटनं बारीक आणि कडक, दाबेपर्यंत वीट भलत्याच ठिकाणी जाऊन बसायची. एक दिवस त्यांनी गेम फळीवर ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून त्या घरातून बोलण्याचा आवाजच येईना. माझं घरही शेजारीच, मलाच कसंनुसं व्हायचं.

अप्पांनी ध्यास घेतला, काकूंच्या बोटांना झेपेल असं मशीन मिळवायचंच. औरंगाबादहून एक विक्रेता माल घेऊन यायचा. अप्पा त्याचं मशीन बाजारात बैल बघावा तसं बघायचे. उलटं, सुलटं, पाठीवर थाप. "रंगरूप काय चाटायचंय का? अंगात दम हाय का सांगा, पाव्हणं." पसंत पडलं की भस्म, तेही काकूंच्या बोटांना बरं वाटावं म्हणून थेट बटनांवर, आणि तिथंच घोटाळा व्हायचा. भस्म बटनांच्या फटीत शिरायचं, तिथल्या तिथं बटनं रुतून बसायची. अशी किती मशीनं वाया गेली देव जाणे.

शेवटी मी बोललो, "अप्पा, भस्म तेवढं लावू नका."

"कावून? भस्मानं कधी कुनाचं वाटोळं झालंय का?"

"बटनाचं होतंय की."

"मग बटनच बाद हाय."

विक्रेता बिचारा डोक्याला हात लावून बसला.

एका सकाळी मात्र तो हसतच एसटीतून उतरला. नवं मॉडेल आलं होतं. पडद्यामागं दिवा, म्हणजे वीज गेली तरी विटा दिसणार. आवाज कमीजास्त करायला बाजूला चाक. सेल निम्मेच लागायचे, म्हणून हाताला हलकं. आणि बटनं रुंद, मऊ, सगळी एकाच अखंड रबरात ओतलेली, फट म्हणून नाही. अप्पांनी दाबून बघितलं. मळलेल्या कणकेत जावं तसं बोट आत गेलं.

"आता लावा भस्म," विक्रेता छाती काढून म्हणाला.

अप्पांनी लावलं, मुद्दाम जरा जास्तच. मग रुमालानं पुसून एकेक बटन दाबलं. सगळी चालली. माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ. उगं देवाला नावं ठिवत होतास."

दुपारी दुकान बंद करून ते मलाही घरी घेऊन गेले. एकट्याचा धीर होत नसावा.

"अवो, कशाला परत तेच," काकू म्हणाल्या. "माझ्यानं न्हाई व्हायचं."

अप्पा त्यांच्या शेजारी टेकले. मशीन काकूंच्या मांडीवर ठेवलं, दिवा लावला आणि त्यांचा अंगठा हलकेच धरून बटनावर टेकवला. एक वीट बसली. दुसरी बसली. तिसरीला काकूंनी अप्पांचा हात झटकला, "सोडा, मधीमधी करू नका." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग अप्पांचा डाव. मी त्यांच्या बोटांवर नजर ठेवून होतो. लबाडी नाही, जीव तोडून खेळत होते. तरी हरलेच.

"तुमाला अजून कोपरा भरता येत न्हाई," काकू म्हणाल्या आणि किती महिन्यांनी खळखळून हसल्या.

अप्पा तडक उठले, हलवायाकडं गेले आणि दुकानादुकानांत पेढे वाटत सुटले. कापडवाल्यानं विचारलं, "अप्पा, काय जिंकलात?"

"न्हाई बे, हरलो," अप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले. "लई दिवसांनी हरलो."