सरकारांचं गंभीर दुखणं

कुमाशिरो संस्थानचे अधिपती मिसुमी तादायोशी यांना एकाच सकाळी दोन हुकूम आले. एडोहून जपानचा कारभार हाकणाऱ्या शोगूनचा: फौज घेऊन निघा. क्योतोहून बादशहाच्या दरबाराचा: फौज घेऊन शोगूनवर निघा. आमची फौज साठ जणांची, त्यांतल्या वीस जणांना दमा. हरणाऱ्या बाजूला गेलो तर संस्थान जाणार, हे सरकारांना पक्कं कळत होतं. हरणार कोण, तेवढंच कळत नव्हतं.

सरकार आजारी आहेत असं दोन्हीकडे कळवायचं दिवाण उसामींनी ठरवलं. संस्थानचा कारकून म्हणून पत्रं मी लिहिली. नुसत्या पोटदुखीने भागणार नाही, असं वाटून मी पदरचं 'गंभीर आजारी' असं घातलं आणि तिथेच माती खाल्ली.

कारण आमच्याकडे वारस मंजूर झाल्याशिवाय कुठलाही संस्थानिक मरत नाही. तोवर तो गंभीर आजारी असतो. काहीजण महिनाभर मिठात गंभीर आजारी असतात.

दहाव्या दिवशी एडोहून अधिकारी दुखवट्याचा धूप घेऊन आला. वारसाचं नाव ताबडतोब द्या, नाहीतर संस्थान खालसा, असा निरोपही होता. सरकारांना मूलबाळ नव्हतं. ते तरातरा बाहेर आले.

"मी जिवंत आहे," सरकार म्हणाले.

अधिकाऱ्याने मान खालीच ठेवली. "असं कबूल करू नका, सरकार. जिवंत असाल तर फौज कुठाय?"

सरकार आल्या पावली वळले. आत जाऊन पडले. मला फार वाईट वाटलं. अक्षर माझंच होतं.

पुतण्याला दत्तक घेतलं. एडोने मंजुरी दिली, मागोमाग क्योतोनेही. अंत्यविधी थाटात झाला. पडद्याआड बसून स्वतःची स्तुती ऐकताना सरकारांचे डोळे पाणावले. दुसऱ्याच दिवशी नव्या सरकारांच्या नावे दोन हुकूम आले.

"काका, माझ्या पोटात कसंतरी होतंय," पुतण्या पडद्याजवळ येऊन म्हणाला.

"साधंच दुखणं लिहायला सांग बाबा," आतून आवाज आला. "इथे दोघं मावणार नाहीत."

साध्या दुखण्यावर लढाई संपेपर्यंत निभावलं. शोगूनची सत्ता गेली. मग नव्या राजवटीने लेखी विचारलं, की तुम्ही मनाने कोणत्या बाजूचे होतात? मी लिहिलं, 'पहिल्यापासून आपल्याच.' संस्थान वाचलं.

हे वाचणारे तुम्ही ज्या बाजूचे असाल, त्याच बाजूचे आम्ही होतो. हसताय काय? तुमच्याही घरून असंच एक पत्र गेलं असणार, म्हणून तर आज निवांत वाचत बसला आहात.