तीन भेटींचे केसवानी सर

केसवानी सरांसमोर 'बरेच दिवस' म्हणू नये. आमच्या वॉचमनकाकांनी एकदा म्हटलं. लिफ्ट बरेच दिवस बंद आहे, एवढंच. सरांनी त्यांना जिन्यातच अडवलं. पाडव्याच्या आधी की नंतर? जयंतीच्या मिरवणुकीला खाली कसे उतरलात, लिफ्टने की पायी? शेवटी लिफ्ट जयंतीच्या दोन दिवस आधी बंद पडली असं ठरलं आणि सर समाधानाने तीन मजले चढून गेले. लिफ्ट अजून बंदच आहे.

सरांविषयी मी लिहावं की नाही, कळत नाही. ते मोठे डॉक्टर, आणि मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच. पण दोन वर्षं त्यांच्याकडे फॉर्म भरतेय, तेव्हा थोडं सांगते.

उल्हासनगरात तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, सरांचं केंद्र आहे. एमडी झालेल्या डॉक्टरांना इथे संसर्गजन्य रोगांवर संशोधन करायला शिकवतात, असं पाटीवर लिहिलंय. प्रत्यक्षात नव्या डॉक्टरला पहिले तीन महिने स्टेथोस्कोप कपाटात ठेवून थुंकीच्या डब्या घेऊन दारोदार हिंडावं लागतं. टीबी बरा झालेल्यांना तो पुन्हा होतो का, हे सरांना शोधायचंय. त्यासाठी बरी झालेली माणसं पुन्हा पुन्हा सापडायला हवीत. आणि बऱ्या झालेल्या माणसाला डॉक्टरचं तोंड बघायची अजिबात हौस नसते.

म्हणून तीन भेटींचा नियम. एक सकाळी, एक कामाची पाळी सुटल्यावर, एक रविवारी. तिन्ही वेळा माणूस भेटला नाही तरच फॉर्मवर 'संपर्क तुटला' असं लिहायचं, तेही लाल पेनाने. लाल पेन सरांच्या खिशात. मागायला गेलं की ते असे बघतात, जणू आपण त्यांची किडनी मागतोय.

शिकलेल्यांतला निदान एक तरी या कामात टिकावा, एवढीच सरांची इच्छा. चार डॉक्टर शिकले, चौघेही सर्टिफिकेट घेऊन गेले. एकाने अंबरनाथ पूर्वेला दवाखाना टाकलाय. पाटीवर नावाखाली 'संशोधक', आणि आत सर्दीपासून कंबरदुखीपर्यंत सगळ्यांना एकच सलाइन. सरांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. "दुकानच करायचं होतं तो मेरे बाप का क्या बुरा था?" सर म्हणतात. "वहाँ मीटर तो सच्चा था."

पाचव्या स्वाती मॅडम. "ये रुकेगी," असं सर फक्त यांच्याबद्दल म्हणाले होते.

आनंदनगरच्या कारखान्यातला एक पेशंट दोनदा गेलो तरी भेटला नाही, तेव्हा मॅडमनी लाल पेन मागितलं. सर म्हणाले, रविवार राहिलाय. रविवारी मी आणि मॅडम पुन्हा गेलो. शेजारी म्हणाले, तो मेव्हण्याकडे राहायला गेलाय. मेव्हणा निघाला बदलापूरला हेंद्रेपाड्यात, आमच्याच घरापासून तिसऱ्या गल्लीत. पेशंट ठणठणीत, मटण खात बसलेला. त्याने डबी घेतली आणि मॅडमकडे कळवळून बघितलं.

"मॅडम, तुमचा स्वतःचा दवाखाना नाही का? होईल, होईल."

मला हसू आलं, पण मॅडम हसल्या नाहीत. घरी आई रोज हेच विचारते, असं त्या रिक्षात म्हणाल्या.

गणपतीच्या चार दिवस आधी त्यांनी राजीनामा दिला. बदलापूरच्या एका खासगी रुग्णालयात जागा मिळाली होती. सरांनी सही केली, "एक और दुकान" म्हणाले आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. ते टेबल त्यांनी पुसलेलं मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईत मला सरांच्या खणात एक फाइल सापडली. आमचेच छापील फॉर्म, पण पेशंटच्या जागी डॉक्टरांची नावं. पहिली भेट, सकाळ : नंबर लावून बसलो, गर्दी होती, न बोलता आलो. दुसरी भेट, संध्याकाळ : लांबून बघितलं, जाड झालाय. चौघांच्याही फॉर्मवर तिसरा रकाना कोरा. मी न राहवून विचारलं, रविवारची भेट का नाही केली?

"तीसरी के बाद लाल पेन काढावं लागतं," सर म्हणाले.

पाचवा फॉर्म स्वाती मॅडमचा, पूर्ण कोरा. मी तो सरांसमोर धरला आणि तशीच उभी राहिले. सरांनी चपला घातल्या.

रुग्णालयात सरांनी रीतसर केसपेपर काढला, नंबर लावला, आणि नाव पुकारल्यावर आत जाऊन पेशंटच्या स्टुलावर बसले. मॅडम दचकल्या. मी दाराशी थांबले.

"काय होतंय, सर?"

"खोकला."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले," सर म्हणाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "गणपतीच्या आधी की नंतर?"

सर भिंतीकडे बघत राहिले. "चार दिवस आधी."

मॅडमनी खालच्या खणातून थुंकीची डबी काढली, तिच्यावर सरांचं नाव लिहिलं आणि ती त्यांच्या हातात दिली. सकाळी उठल्याउठल्याचा नमुना हवा, चूळ भरून घ्यायचा, असं त्यांनी सरांना नीट समजावलं. सरांनीही मान खाली घालून ऐकून घेतलं.

"रविवारी मी डबी न्यायला येईन," मॅडम म्हणाल्या. "घरीच थांबा."

परतताना रिक्षात सर डबी दोन्ही हातांत धरून बसले होते. उल्हासनगर येईपर्यंत ते एकदाही खोकले नाहीत.