हद्दीतले अडीच कोटी खांब

केसाच्या जाडीचे चारशे भाग केले, तर त्यातल्या एका भागाहून लहान जे काही असेल ते झिरेवाडी ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतं. डॉ. हेमलता गुंजाळ यांना हे सोमवारी सकाळी सव्वाअकराला कळलं, कारण प्रयोगशाळेत ग्रामसेवक वाघचौरे यांचा फोन आला. माणूस दिसण्याएवढा नव्हता, आवाज मात्र दणदणीत होता.

"म्याडम, आमच्या गावठाणात तुम्ही अडीच कोटी खांब ठोकले. बिगरपरवानगी."

खांब बाईंचेच होते. प्रकाशाची खोड अशी, की आपल्या लाटेच्या निम्म्याहून लहान वस्तू त्याला धड दाखवता येत नाही. कितीही महागाचं भिंग लावा, दिसतो तो धूसर गिचका. ही खोड मोडायला बाईंनी तिळाएवढ्या काचेवर रांगेनं खांब कोरले होते, प्रत्येक खांब प्रकाशाला कान धरून वळवणारा. त्याला सहा वर्षं झाली आणि चित्र अजून गिचकाच येत होतं. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. स्पष्ट चित्र दाखवता आलं नाही तर काम बंद, आणि उरलेली नोकरी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या लोलकांचे झोके मोजण्यात घालवायची.

"हद्दीचं मला खरंच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"उजेडाला म्हाईत आहे की. तो शिवंवरून गुमान मागं फिरतो. तुम्ही डायरेक्ट आत."

"खांबांचा गावाला त्रास होतो का?"

"तरास कसला? बायामाणसं खूश आहेत. गोधड्या वाळवायची सोय झाली."

बाई खाली बसल्या. "कधीपासून वाळवताय?"

"झाली की सहा वर्सं."

सहा वर्षं बाई गणितातली चूक शोधत होत्या. त्यापायी दोनदा चष्म्याचा नंबर वाढला, आणि एका निरपराध यंत्राला त्यांनी नाही नाही ते ऐकवलं. आणि वाटेत होत्या गोधड्या! हसावं की रडावं तेच कळेना. शेवटी राग आला, पण रागवायचं कुणावर? जागा गावाची होती.

बुधवारी ग्रामसभा भरली. खांब नियमित करावेत, शुक्रवारी अकरा ते बारा वाळवण घालू नये, असा ठराव झाला. अटी दोनच. इथून पुढं न कळवता बघायचं नाही, आंघोळीपांघोळीच्या वेळा असतात. दुसरी अट सरपंच गयाबाईंनी स्वतः फोनवर सांगितली.

"तू आमचा फोटू काढणार ना बाई? मंग आम्हीबी तुझा काढणार."

शुक्रवारी बाई ठेवणीतली इरकल नेसून आल्या. बरोबर अकराला पडद्यावर अख्खं गाव उमटलं. तीन ओळी, मधोमध खुर्चीत गयाबाई, पायाशी तारखेची पाटी. कडेला एक कोंबडी घुसली होती, तिची पिसं मोजता येत होती. समितीच्या अध्यक्षांनी वाकून पाहिलं, "सरपंचांचे डोळे मिटले आहेत" असा शेरा लिहिला आणि काम तीन वर्षं वाढवून दिलं.

मंगळवारी टपालानं झिरेवाडीचं पाकीट आलं, वाचता यावं म्हणून मोठं करून पाठवलेलं. आतल्या फोटोत नुसता राखाडी गिचका होता. मागे ग्रामसेवकांच्या सहीनं मजकूर होता: 'आपण आमच्या मर्यादेपलीकडच्या असल्याने फोटो स्पष्ट येत नाही. साडी कोणती ते समजले नाही. सहा वर्षे रोज काचेवर टेकणारा डोळा तेवढा सर्वांनी ओळखला. महिला मंडळाचे म्हणणे, डोळा फार थकलेला दिसतो. जपावे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पदरानं चष्मा पुसला, पोच लिहिली, आणि ऊन चढलं होतं म्हणून काच गोधड्यांसाठी खिडकीत सरकवून ठेवली.