युनियन सोडून लीगमध्ये

मीटिंग कशी उरकायची हे मला कोणी शिकवू नये. मी सिंचन विभागात बाबू आहे, आणि आमच्याकडे कालव्याला पाणी नसलं तरी बैठका बारमाही वाहतात. माझा नियम साधा आहे. समोसे शेवटी ठेवायचे आणि ठराव समोशांच्या जरासा आधी. वास सुटला की माणसं कशालाही हात वर करतात.

म्हणून शनिवारी दुपारी मी वैदेहीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं, "उद्या सकाळी क्लबची मीटिंग आहे. अर्ध्या तासात परत येतो. जेवायला थांब."

"रग्बीवाल्यांची ना?" ती म्हणाली. "मग मी जेवून घेईन."

आमचा वैनगंगा रग्बी क्लब, आणि मी त्याचा सेक्रेटरी. रग्बी म्हणजे लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी आपल्याला चिखलात पाडायचं. इथपर्यंत बालाघाटात कोणालाही समजतं. पुढे घोळ आहे. या खेळाच्या दोन जाती आहेत. एक रग्बी युनियन, तिच्यात पंधरा खेळाडू. दुसरी रग्बी लीग, तिच्यात तेरा. आम्ही पहिल्यापासून युनियनवाले.

पण रोवणी सुरू झाली की आमची निम्मी टीम गुडघाभर पाण्यात, धानाच्या बांधीत उभी असते. कितीही फोन करा, तेराच्या वर पोरं जमत नाहीत. गोंदियाच्या मॅचला पंधरा भरायला आम्ही गाडीचा ड्रायव्हर आणि त्याचा मेहुणा मैदानात उतरवले. पहिल्याच धडकेत ड्रायव्हरचा खांदा निखळला. मॅच हरलो त्याचं एवढं नाही, तो आमचा रिवाजच आहे. पण गाडी चालवायला कोणी उरलं नाही, आणि मेहुण्याला फक्त ट्रॅक्टर येत होता. गोंदियाहून बालाघाटपर्यंत आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये आलो. वाटेत एका बैलगाडीने आम्हाला रस्ता मागितला.

त्याच प्रवासात मी ठरवलं की आपण लीगमध्ये जायचं. कप्तान लोकेश माझ्या शेजारी बसला होता. कटंगीचा पोरगा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, क्लब निघाला तेव्हापासून खेळतो.

"हौ दादा," तो म्हणाला. "तेराच येतात तं तेराच खेळू. काहून झंझट पाह्यजे?"

कप्तान आपल्या बाजूने, समोसे आपल्या बाजूने. शनिवारी सकाळी मी ग्रुपवर मेसेज टाकला: 'रविवारी मैदानावर मीटिंग. विषय: युनियन सोडून लीगमध्ये जाणे. समोसे आहेत.' आमचं बालाघाट मध्य प्रदेशात, शाळा हिंदी; पोरांना मराठी बोलता येते, पण वाचायचं म्हटलं की डोळे दुखतात. म्हणून खाली तेच हिंदीत लिहिलं. मराठी मेसेज ग्रुपवर पडून राहिला. हिंदीतला संध्याकाळच्या आत तिरोडीच्या खाणीपर्यंत फिरून आला.

सहाच्या सुमाराला दारात चंपाबाई उभी. ही पवनची आई, रामपायलीहून बसने आली होती. पवन आमचा सगळ्यात दांडगा गडी, आमच्या घराच्या दारातून आडवा होऊनच आत येतो.

"भाऊ," ती बसायच्या आधीच म्हणाली, "पवनले कोन घेऊन राह्यलं?"

"घेऊन? कुठे?"

"लीगमंधी. टीव्हीवर नाही का बोली लागत पोट्ट्याइची? मी आधीच सांगून ठेवते, मद्रासले नाही धाडनार मी. त्याले इडलीनं पोट फुगते. नागपूरची टीम असन तं बोला. तिथं माही बहीण राह्यते, डब्बा देईन ती."

वैदेहीने तिच्या हातात चहा दिला. मी सविस्तर समजावलं. ही लीग ती लीग नव्हे. यात बोली नाही, टीव्ही नाही, कोणी कोणाला घेत नाही.

चंपाबाईने कप खाली ठेवला. "म्हंजे कोनीच नाही मांगलं त्याले?"

"कोणालाच नाही मागितलं, बाई."

"बाकीच्याइचं जाऊ द्या. पवनले बी नाही?"

ती बिचारी नकार द्यायला एवढ्या लांबून आली होती, आणि नकार घ्यायला कोणी नव्हतं. ती तशीच उठली आणि भावाच्या घरी मुक्कामाला गेली. ती गेल्यावर वैदेही म्हणाली, "नागपूरवाल्यांनी विचारलं होतं म्हणायला तुमचं काय जात होतं?"

रविवारी मी मैदानावर पोचलो तेव्हा आमची पोरं होती, समोशांची टोपली होती, आणि चंपाबाईही पदर खोचून बांधावर बसली होती. तिच्या मागे सायकली आणि मोटरसायकलींची रांग येत होती. रांगेच्या पुढे लाल झेंडा. झेंड्याच्या खाली टिकारामभाऊ.

टिकारामभाऊ म्हणजे मँगनीजच्या खाणीतल्या कामगारांच्या युनियनचे जुने पुढारी. आम्ही खेळतो ते मैदान त्यांच्या युनियनचं आहे. क्लब काढला तेव्हा मी ते मागायला गेलो होतो. त्यांनी माझ्या जर्सीवरचं 'रग्बी युनियन' वाचलं आणि विचारलं, "रग्बी? ही खान कोनीकडं आली?" मला वाटलं, भाऊ थट्टा करतायत. मी म्हटलं, "रग्बी गाव आहे, विलायतेत." ते म्हणाले, "तिकडचे बी आपलेच भाऊ," आणि मैदानाची किल्ली दिली. भाऊ थट्टा करत नाहीत, हे मला या रविवारी कळलं.

"अनुरागबाबू," ते म्हणाले, "युनियन सोडून राह्यले म्हने तुमी."

"भाऊ, तसं नाही, हा खेळातला..."

"आन् लीगमंधी जाऊन राह्यले. ठेकेदाराच्या."

आता मला उलगडा झाला. गेल्या वर्षी खाणीच्या ठेकेदाराने कामगार फोडायला आपली एक वेगळी संघटना काढली होती. तिचं नाव मजूर लीग. हे मला माहीत होतं, पण मेसेज लिहिताना माझं सगळं लक्ष समोशांवर होतं.

"मैदान युनियनच्या पोराइले देल्लं होतं," भाऊ शांतपणे म्हणाले. "लीगवाल्याइनं ठेकेदाराच्या अंगनात खेळावं. किल्ली द्या."

पोरं माझ्याकडे पाहायला लागली. बालाघाटात दुसरं मैदान म्हणजे नदीचं पात्र, आणि ते पावसाळ्यात नदी वापरते.

"भाऊ, तुम्ही नियम ऐकून घ्या," मी म्हणालो. "मग ठरवा. ठेकेदाराचा काहीएक संबंध नाही. युनियनमध्ये पंधरा माणसं खेळतात, लीगमध्ये तेरा. एवढंच."

"म्हंजे दोघाइची छटनी?"

छटणी, म्हणजे कामावरून कमी करणं, हा शब्द ऐकताच मागची माणसं सायकलींवरून उतरली.

"छटणी नाही, भाऊ. खेळच तेरांचा असतो."

"हेच मॅनेजमेंट बी म्हनते. कामच तेवढं हाये म्हनते. कोन दोघं चालले?"

"माणसं नाहीत हो, जागा जातात. फ्लँकर म्हणून दोन जागा आहेत, त्या लीगमध्ये नसतात."

मागून लोकेशचा आवाज आला. "दादा, फ्लँकर मीच आहो ना?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त आकडा धरून बसलो होतो. लोकेश एका बाजूचा फ्लँकर, अंकित दुसऱ्या बाजूचा.

"तुला दुसरीकडे कुठेतरी बसवू," मी म्हणालो.

"कुठंतरी?" तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि माझ्या शेजारून निघून टिकारामभाऊंच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे अंकित गेला. अनेक वर्षं दुकान बंद करून प्रॅक्टिसला येणारा तो एकटाच होता.

पण मी बाबू आहे. मी फाइल अर्ध्यात सोडत नाही. भाऊंनी पुढचा नियम विचारला.

"युनियनमध्ये माणूस पडला," मी सांगितलं, "की त्याचे साथीदार धावत येतात, त्याच्यावर वाकून उभे राहतात आणि चेंडू वाचवतात. लीगमध्ये ती गर्दी नाही. पडलेल्याला सोडून सगळे मागे सरतात. त्याने आपलं आपण उठायचं."

"पडलेल्याले सोडून?"

"हो. आणि सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा."

"मुकाट्यानं?"

"नियम आहे, भाऊ."

टिकारामभाऊ आपल्या माणसांकडे वळले. "ऐकलं? पडलेल्याले सोडून द्यायचं, आन् सहाव्या खेपीले जे हातात हाये ते बी देऊन टाकायचं. आन् हे बाबू म्हनतात ठेकेदाराचा संबंध नाही."

माझ्यापाशी आता एकच उपाय होता. मी म्हणालो, "दोन्ही खेळ दाखवतो. आधी थोडं युनियन, मग थोडं लीग. डोळ्यांनी पाहा आणि मत द्या." मला खात्री होती की लीगचा वेग पाहून माणसं खूश होतील. भाऊ हो म्हणाले. वर त्यांनी टोपली उघडायला लावली आणि सगळ्यांना समोसे वाटले. मतदानाच्या आधी. माझ्या आयुष्यभराच्या अनुभवाचं त्या माणसाने एका मिनिटात वाटोळं केलं.

मी शिट्टी तोंडात घेतली आणि खेळ सुरू केला. चेंडू पवनकडे गेला. पवन चार पावलं धावला आणि चौघांनी त्याला पाडलं.

"युनियनवाला पडला रे," कोणीतरी म्हणालं.

मग जे झालं त्याला रग्बीच्या कुठल्याच पुस्तकात नाव नाही. खाणीवरची झाडून सगळी माणसं मैदानात आली आणि पवनच्या भोवती उभी राहिली. मागच्यांनी पुढच्यांना आधार दिला, म्हणजे ढकललं. मी शिट्टी वाजवली. त्यांना वाटलं, जोर लावा म्हणतोय. चंपाबाई "माह्या पोराले हवा येऊ द्या" म्हणत छत्रीने वाट काढत आत घुसली. मी पवनला ओढून काढायला खाली वाकलो, आणि नंतर मला आकाश दिसलं नाही.

तळाशी अंधार होता आणि पवन होता.

"दादा," तो माझ्या कानात म्हणाला, "चेंडू तुमच्या पोटाखाली हाये. सोडून द्या, नाही तं पेनल्टी बसन."

वरून चंपाबाईचा आवाज येत होता. "पाहा नं, कितीक मानसं लागतात माह्या पोराले." त्या आवाजात आदल्या संध्याकाळचा हिरमोड नव्हता, हे मला तेवढ्यातही जाणवलं.

मला बाहेर काढलं तेव्हा उजवा घोटा वांग्याएवढा झाला होता. लीग दाखवायचं राहूनच गेलं. टिकारामभाऊंनी मला एका पोत्यावर बसवलं आणि मीटिंगचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. ठराव पहिला, युनियन सोडायची नाही. ठराव दुसरा, फ्लँकरच्या दोन्ही जागा कायम, आणि त्या जागांवरचे लोकेश आणि अंकित आजपासून परमनंट. सगळे हात वर गेले. माझाही हात वर होता. तो 'मला दवाखान्यात न्या' म्हणून होता, पण मोजला गेला.

एकंदरीत वाईट झालं नाही. मैदान राहिलं. खाणीवरचे काही जण प्रॅक्टिसला यायला लागले. लोकेश मला पाहायला घरी आला, वैदेहीच्या हातची भजी खाल्ली आणि म्हणाला, "दादा, तुमच्या मनात काही नव्हतं, मले माहीत हाये." मला बरं वाटलं.

महिन्याभराने प्रॅक्टिस कशी चाललीये म्हणून मी पवनला फोन केला. तो म्हणाला, सगळे येतात, फक्त लोकेश आणि अंकित येत नाहीत. मी लगेच लोकेशला फोन लावला.

"दादा, आज सी.एल. टाकली."

"क्लबमध्ये कॅज्युअल लिव्ह कुठून आली?"

"परमनंट आहो ना आता," तो म्हणाला.

मी त्याला चांगलं सुनावणार होतो. खेळाची निष्ठा, शिस्त, सगळं जिभेवर आलं होतं. पण फोन मी घरूनच केला होता, मेडिकल लिव्हवर. आणि घोटा बरा होऊन आठवडा झाला होता.